दौलताबादची श्रावणी पौर्णिमा

नांदेडहून मनमाडच्या दिशेने निघालेली पॅसेंजर लिंबगाव मागे टाकून चुडाव्याला येते आणि मग पूर्णा जंक्शनात शिरते. चुडावा हे पूर्णा तालुक्यातले साधे गाव, स्टेशनही बेताचेच. इथून गाडीत बसणारा माणूस बाजाराला, दवाखान्याला किंवा कोर्टाच्या तारखेला निघालेला असतो. मानवत रोड, जालना, बदनापूर, दौलताबाद ही नावे तो लहानपणापासून इतक्यांदा ऐकत आलेला असतो की त्यांत काही विशेष आहे असे त्याला वाटत नाही. पण या पाट्या एकापुढे एक वाचत गेले, तर चारशे वर्षांपूर्वीच्या एका मराठा सरदाराचे आयुष्यच्या आयुष्य त्यांच्यात बसते. मानवत रोडला उतरून पाथरीला जायचे. ज्या घराण्याची त्याने चाकरी केली त्याचे मूळ तिथे आहे. जालन्याला उतरून तीसेक किलोमीटरवर सिंदखेडराजा. ते त्याचे घर. बदनापूरच्या मुलखात रोषणगाव. तिथल्या लढाईच्या वेळी त्याने पहिल्यांदा धनी बदलला. आणि दौलताबादला तो मारला गेला.

हा सरदार म्हणजे लखुजीराजे जाधवराव. जिजाऊंचे वडील, शिवाजी महाराजांचे आजोबा. आपल्याला त्यांची ओळख एवढीच. शाळेच्या पुस्तकात ते जेमतेम दीड ओळ येतात, निजामशहाच्या दग्याने मरतात आणि पुढच्या धड्याला वाट करून देतात. लखुजीरावांच्या हयातीत मात्र ही ओळख नेमकी उलटी होती. दख्खनच्या मराठा सरदारांत त्यांच्या तोडीचा दुसरा नव्हता, आणि शहाजीराजे तेव्हा या बड्या घरचे जावई होते.

आधी पाथरीचे सांगितले पाहिजे, कारण परभणीच्या माणसालाही ते पुष्कळदा ठाऊक नसते. अहमदनगरची निजामशाही ज्याने १४९० मध्ये स्थापली, त्या मलिक अहमदचा बाप मलिक हसन हा मुळात पाथरीच्या कुलकर्ण्यांचा मुलगा होता. तो बहमनी सुलतानाच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि कर्तबगारीवर बहमनी राज्याचा कारभारी होण्यापर्यंत चढला. पुढे निजामशहांनी आपले मूळ गाव म्हणून पाथरीवर हक्क सांगितला आणि १५१८ मध्ये वऱ्हाडच्या इमादशहाकडून ती जिंकून घेतली. म्हणजे सिंदखेडच्या देशमुखाने ज्या दरबारात मुजरा केला, त्या दरबाराची नाळ याच गोदाकाठी पुरलेली होती. धर्म बदलला, भाषा बदलली, तरी वतनाची ओढ राहिली. हे ध्यानात ठेवले तर लखुजीरावांच्या वागण्यातल्या बऱ्याच गोष्टी उलगडतात.

जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवीत. रामदेवरायाचे राज्य अल्लाउद्दीन खिलजीच्या स्वारीने मोडले, देवगिरीचे पुढे दौलताबाद झाले, आणि राजकुळातल्या शाखा आसपासच्या मुलखात पांगल्या, अशी या घराण्याची श्रद्धा. सिंदखेडची देशमुखी लखुजीरावांकडे होती. देशमुखी म्हणजे नुसता मान नव्हे. परगण्याचा वसूल गोळा करायचा, गावांची भांडणे तोडायची, बंदोबस्त ठेवायचा आणि त्या बदल्यात वसुलातला ठरलेला हिस्सा वंशपरंपरा घ्यायचा. सुलतान बदलला तरी देशमुख बदलत नसे, कारण कुठल्या गावात किती जमीन भिजते आणि कोणत्या पाटलाच्या घरात किती धान्य आहे, हे त्याच्याखेरीज कुणाला माहीत नसे.

या देशमुखीच्या जिवावर लखुजीरावांनी घोडदळ उभे केले. त्या काळच्या सरदाराचे बळ इथेच होते. त्याचे लष्कर राज्याचे नसे, त्याचे स्वतःचे असे. काही स्वार त्याच्याच पागेतले घोडे वापरणारे बारगीर, काही स्वतःचा घोडा घेऊन आलेले शिलेदार. पण सगळे त्याच्या भाकरीचे, पुष्कळसे त्याच्या नात्यागोत्याचे. सुलतान सरंजाम देई तो सरदाराला, आणि स्वार ओळखत तेही सरदारालाच. म्हणून असा सरदार रुसून निघाला की एकटा जात नसे. सुलतानाच्या फौजेचा एक लचकाच तुटून जाई. दरबाराला त्याची गरज जेवढी मोठी, भीतीही तेवढीच मोठी.

सिंदखेडला आज जे उभे आहे त्यावरून त्या वैभवाची कल्पना येते. जालना–मेहकर रस्त्यावरच जाधवांच्या राजवाड्याचा भव्य दरवाजा दिसतो. आत जिजाऊंचे जन्मस्थान, १२ जानेवारी १५९८ हा जन्मदिवस मानला जातो. पण पाहुण्याने वाडा पाहून लगेच परत फिरू नये. खरे पाहण्यासारखे आहे ते पाणी. मोती तलावाचा दगडी बांध किल्ल्याच्या तटासारखा बांधलेला आहे. चांदणी तलावाच्या मध्यभागी मजल्यांची इमारत आहे. आणि पुतळा बारव अशी की पायऱ्या उतरताना भिंतीतल्या मूर्तींकडे पाहावे की पावलांकडे, हे कळत नाही. या कोरड्या मुलखात ज्या घराण्याने पाण्यावर एवढा दगड खर्च केला, त्याला इथेच राहायचे होते. दरबारे येतील आणि जातील, सिंदखेड राहील, हा हिशेब त्या बांधांतच दिसतो. लखुजीरावांना निव्वळ तलवारबहाद्दर समजणाऱ्यांनी एकदा त्या तलावांच्या काठी जरूर बसावे.

घर भरलेले होते. पत्नी म्हाळसाबाई. दत्ताजी, अचलोजी, राघोजी, बहादुरजी हे मुलगे. जगदेवराव हे भाऊ. आणि जिजाबाई ही मुलगी. तिच्या लग्नाची कथा महाराष्ट्रात सर्वांना पाठ आहे. रंगपंचमीचा दिवस, वेरूळच्या मालोजी भोसल्यांचा लहानगा शहाजी आणि जाधवांची जिजा एकमेकांवर रंग उडवीत आहेत, लखुजीराव गमतीने जोडा शोभतो म्हणतात, आणि मालोजी तो शब्दच धरून बसतात. बखरींनी ती कथा रंगवून सांगितली आहे आणि त्यात लखुजीराव गर्विष्ठ सासऱ्याच्या भूमिकेत आहेत. इतिहास म्हणून तिच्यावर भार टाकण्यात अर्थ नाही. भोसले काही रस्त्यावरचे नव्हते. मालोजींची पत्नी उमाबाई फलटणच्या नाईक निंबाळकरांची लेक होती, आणि निंबाळकर आपली मुलगी कुणाच्याही पदरात घालणारे नव्हते. एक जुने, मोठे घर आणि एक चढते, धडाडीचे घर, दोन्ही एकाच दरबारात. सोयरीक दोघांच्याही फायद्याची होती. रंग नंतर कुणीतरी उडवला असावा.

फायद्याची सोयरीक पुढे काय वळण घेणार, हे मात्र त्या वेळी कुणालाच दिसले नसेल.

काळ फार धकाधकीचा होता. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. राज्य बुडाल्यातच जमा होते, पण मलिक अंबर या हबशी वजिराने निजामशाहीच्या घराण्यातला एक मुलगा गादीवर बसवून ते पुन्हा उभे केले, राजधानी दौलताबादला आणली आणि शेजारी खडकी हे शहर वसवले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. मोगली फौज तोफा आणि बाजारबुणगे घेऊन संथ चाले. अंबरने तिच्या रसदेवर आणि पिछाडीवर तुटून पडणारी, गनिमी काव्याची लढाई केली. ती ज्यांच्या घोड्यांवर केली ते मराठे सरदार होते, आणि त्यांत जाधवरावांचे पथक अग्रभागी होते.

पण अंबर आणि जाधवराव यांचे फार काळ जमले नाही. दोघेही मोठे आणि दोघांनाही ते ठाऊक होते. १६१६ च्या आरंभी रोषणगावची लढाई झाली. तिच्या सुमारास अंबरचे काही नामांकित सरदार मोगल सेनापती शाहनवाजखानाला जाऊन मिळाले. त्यांत जाधवराव होते. जहांगीर बादशहाच्या आठवणींत त्यांचे नाव जादूराय असे येते. अंबरचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी जाळली. पुढे लखुजीराव पुन्हा निजामशाहीत आले, आणि १६२१ च्या सुमारास शहाजादा खुर्रम म्हणजे भावी शाहजहान दख्खनेत उतरला तेव्हा पुन्हा मोगलांकडे गेले. या खेपेला मोगलांनी त्यांची किंमत बरोबर ओळखली. मुलगे, नातू आणि भाऊबंद धरून या एका घराण्याला मिळून चोवीस हजार जात आणि पंधरा हजार स्वारांच्या मनसबी होत्या, असे शाहजहानच्या इतिहासकाराने नोंदवले आहे. जात म्हणजे दरबारातला दर्जा आणि तनखा, स्वार म्हणजे बाळगायची घोडी. दख्खनच्या दुसऱ्या कुठल्या मराठा घराला तोपर्यंत असे मोजून घेतलेले नव्हते.

आता प्रश्न येतो तो निष्ठेचा. आज वाचताना ही येजा खटकते. आपण शिवाजी महाराजांच्या नंतरचे लोक. स्वराज्य हा शब्द एकदा उच्चारला गेल्यावर सगळे त्याच मापाने मोजण्याची सवय आपल्याला लागली आहे. पण लखुजीरावांपुढे स्वराज्य नव्हते. त्यांच्यापुढे तीन परके दरबार होते आणि एक आपले सिंदखेड होते. दरबाराशी असलेले नाते कराराचे होते, वतनाशी असलेले नाते रक्ताचे. सिंदखेड तर नेमके मोगलांच्या वऱ्हाडाच्या आणि निजामशाहीच्या सीमेवर, दोन्हींच्या टापांखाली. जो वरचढ होईल त्याच्याशी जुळवून घेतले नाही तर आधी जळणार ती आपलीच गावे, हे तिथल्या देशमुखाला कुणी शिकवावे लागत नव्हते. त्यांना फितूर म्हणणे मला तरी पटत नाही. मात्र त्यांचे सगळेच बरोबर होते असेही नाही. दर वेळी बाजू बदलताना विश्वासाची एक-एक वीट निखळत होती, आणि ती मोजणारे लोक दरबारात बसलेले होते.

हे केवळ आपल्याकडेच होत होते असे समजू नये. याच वर्षांत युरोपात जर्मन मुलखात तीस वर्षांचे युद्ध पेटले होते. तिथे वालेनश्टाइन नावाचा बोहेमियाचा सरदार स्वतःच्या हिमतीवर प्रचंड फौजा उभारून सम्राटाला देत होता. सम्राटाचे त्याच्यावाचून चालत नव्हते आणि त्याच्यामुळे झोपही लागत नव्हती. १६३० मध्ये त्याला दूर केले, गरज पडल्यावर पुन्हा बोलावले, आणि तो शत्रूशी बोलणी करतो आहे हा संशय बळावल्यावर १६३४ च्या फेब्रुवारीत त्याच्याच अधिकाऱ्यांच्या हातून त्याचा खून झाला. सिंदखेडच्या जाधवरावांनी त्याचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. पण सेनापती स्वतःची फौज बाळगू लागला की धनी त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, याची ही दोन उदाहरणे पाच वर्षांच्या अंतराने, दोन खंडांत घडली.

आता घरच्या दुखण्याकडे येऊ. शिवरायांच्याच काळात कवींद्र परमानंदाने संस्कृतात लिहिलेल्या शिवभारतात तो प्रसंग सविस्तर आहे. निजामशहाचा दरबार संपला होता, सरदार आपापल्या लवाजम्यासह बाहेर पडत होते. त्या गर्दीत खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला आणि माणसे तुडवीत सुटला. लखुजीरावांचे पुत्र दत्ताजी त्याच्यावर तुटून पडले. हत्ती मारला जाऊ नये म्हणून विठोजी भोसल्यांचे मुलगे संभाजी आणि खेळोजी आडवे आले. विठोजी हे मालोजींचे भाऊ, म्हणजे हे दोघे शहाजीराजांचे चुलतभाऊ. हत्ती बाजूला राहिला आणि तलवारी जाधव-भोसल्यांत चालल्या. संभाजीच्या हातून दत्ताजी पडले. लखुजीराव पुढे निघून गेले होते. मुलगा पडल्याचे कळताच ते माघारी वळले. त्यांना अडवायला शहाजीराजे पुढे झाले, तेव्हा सासऱ्याच्या घावाने जावई जखमी होऊन बेशुद्ध पडला. मग लखुजीरावांनी संभाजीला गाठून ठार केले. शेवटी निजामशहाने मध्ये पडून दोन्ही घरांना आवरले.

एका हत्तीपायी हे झाले. दत्ताजी हा जिजाबाईंचा सख्खा भाऊ. मारणारा त्यांचा दीर, आणि त्या दिराला मारणारे त्यांचे वडील. नवऱ्याच्या जखमेवर पट्टी बांधायची ती वडिलांनी केलेल्या घावावर. अशा वेळी बाईने कुणाचे सुतक धरावे? माहेर आणि सासर यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या बायका आपल्या ओव्यांतून पुष्कळ भेटतात. पण ज्यांच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे नंगी तलवार होती, अशी दुसरी बाई आठवत नाही.

१६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मोठी लढाई झाली. मलिक अंबरने तलावाचे पाणी फोडून विजापूर आणि मोगल यांच्या एकत्र फौजेची दाणादाण उडवली. शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचा भाऊ शरीफजी तिथे कामी आला. समोरच्या मोगली फौजेत लखुजीराव होते. त्या दिवशी सासऱ्याची हार झाली आणि जावयाचे नाव झाले.

मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. पुढच्या वर्षी जहांगीर गेला. मोगल सुभेदार खानजहान लोदी याने याच गडबडीत बालाघाटचा मुलूख पैसे घेऊन निजामशहाला परत देऊन टाकला. शाहजहान तख्तावर आला आणि तो मुलूख मागू लागला. दौलताबादेत अंबरसारखा कुणी उरला नव्हता. कान भरणाऱ्यांना सुगीचे दिवस आले. आणि याच वेळी लखुजीराव मोगलांची एवढी मोठी मनसब सोडून परत निजामशाहीत आले. अंबर नाही म्हणताच त्यांना इथे पुन्हा जागा दिसली असेल. हिशेब चुकीचा नव्हता, पण ज्याच्या भरवशावर मांडला तो निजामशहा स्वतःच्या सावलीला भिणारा होता. हा माणूस दोनदा गेला, तिसऱ्यांदाही जाईल, आणि जाताना सगळे घोडदळ नेईल, ही भीती त्याच्या मनात पक्की बसली. अशा सरदाराला कैद करणेही सोपे नव्हते, कारण बाहेर त्याची फौज उभी असे.

२५ जुलै १६२९. श्रावणी पौर्णिमा. आपल्याकडे हा राखीचा दिवस.

लखुजीराव आपले मुलगे अचलोजी आणि राघोजी आणि नातू यशवंतराव यांना बरोबर घेऊन दौलताबादच्या दरबारात मुजऱ्याला गेले. मुलानातवंडांसह गेले, त्या अर्थी मनात किंतू नव्हता. सगळे ठरवून ठेवलेले होते. मुजरा झाला, निजामशहा उठून आत गेला, आणि दबा धरून बसलेले मारेकरी चौघांवर तुटून पडले. जाधवांनी कट्यारी उपसल्या. पण चार माणसे किती वेळ पुरणार? आजोबा, मुले आणि नातू, एका घराच्या तीन पिढ्या एकाच दालनात पडल्या. आणि ते दालन कुठले, तर ज्या गडावर आपले पूर्वज राज्य करीत असे हे घराणे अभिमानाने सांगे, त्या देवगिरीवरचे.

बातमी बाहेरच्या छावणीत पोहोचली तेव्हा घरची माणसे जागीच रडत बसली नाहीत. लखुजीरावांची पत्नी, मुलगा बहादुरजी आणि भाऊ जगदेवराव हाताशी लागली ती माणसे घेऊन निघाले आणि थेट सिंदखेड गाठले. मागे राहिलेल्यांची सोय लावणे हे त्या घरातल्या बाईने आधी पाहिले, शोक नंतर केला असेल. जाधव पुन्हा मोगलांकडे गेले. शाहजहाननेही हात आखडता घेतला नाही. बहादुरजींना पाच हजारांची मनसब मिळाली, जगदेवराव आणि बाकीच्यांनाही मिळाल्या. निजामशहाला ज्या गोष्टीची भीती होती ती त्याने स्वतःच्या हाताने घडवून आणली.

आणि जावयाने काय केले? ज्यांच्याशी तलवार लावली, ज्यांच्या घावाने बेशुद्ध पडले, त्या सासऱ्यांच्या खुनानंतर शहाजीराजांनी निजामशाही सोडली आणि १६३० च्या अखेरीस तेही मोगलांकडे गेले. त्यात राजकारण होते हे उघड आहे. जाधवरावांचे जे झाले ते उद्या आपलेही होईल, हे कळायला त्यांना कुणा ज्योतिषाची गरज नव्हती. पण नुसते राजकारणच होते असेही मानवत नाही. दोन वर्षांत ते परत फिरले आणि मोडक्या निजामशाहीचा एक लहान वारस हाती धरून १६३६ पर्यंत मोगल आणि विजापूर दोघांशी झुंजले. तोवर मारेकरी निजामशहाचीही वेळ भरली होती. अंबरचाच मुलगा फत्तेखान याने त्याला कैदेत टाकून संपवले, आणि १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेले.

जिजाबाई त्या दिवसांत गरोदर होत्या. शहाजीराजांनी त्यांना जुन्नरजवळ शिवनेरीवर ठेवले होते. किल्ल्याचे विश्वासराव भोसल्यांचे व्याही. थोरल्या संभाजीराजांचे लग्न त्यांच्या मुलीशी झाले होते. वडील, दोन भाऊ आणि भाचा गेल्यानंतर सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला. म्हणजे राखीच्या पौर्णिमेची ती बातमी आली तेव्हा मूल पोटात होते. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. तो १६३२ पर्यंत हटला नाही. माहेर उद्ध्वस्त, नवरा मोहिमांवर, बाहेर माणसे अन्नाविना मरत आहेत, आणि मांडीवर तान्हे मूल. आईने मुलाला आजोबांविषयी काय सांगितले, याचा कागद नाही. कागदाची जरूर आहे असेही वाटत नाही. तो मुलगा मोठा झाल्यावर आदिलशाही दरबाराच्या बोलावण्याला कधी एकदाही गेला नाही, भेटीला जायचेच तर अंगात चिलखत घालून गेला. आग्र्याला मात्र जावे लागले, आणि तिथून तो निसटून आला. या सगळ्यामागे दौलताबादचे ते दालन असेल का? मला वाटते, असावे.

जाधवांचे घराणे पुढेही दोन्ही तीरांवर राहिले. सिंदखेडची शाखा मोगलांच्या मनसबीत टिकली. मारल्या गेलेल्या अचलोजींच्या मुलाला जिजाबाईंनी आपल्याजवळ वाढवले, अशी घराण्यात परंपरा आहे. त्याच शाखेत पुढे धनाजी जाधव झाले. औरंगजेबाच्या फौजांना ज्यांनी पळता भुई थोडी केली ते सेनापती धनाजी हे दौलताबादला पडलेल्या अचलोजींचे वंशज. आणि गंमत अशी, की शाहूमहाराज औरंगजेबाच्या छावणीत कैदेत असताना बादशहाने त्यांची जी लग्ने लावून दिली, त्यातली एक वधू सिंदखेडकर जाधवांची होती. जाधव-भोसल्यांची सोयरीक पुन्हा जुळली ती मोगलाच्या मांडवात. धनाजींचा मुलगा चंद्रसेन साताऱ्याशी फाटून निजामाकडे गेला, आणि १७५७ मध्ये पेशव्यांच्या फौजेने चंद्रसेनाच्या मुलाला, रामचंद्र जाधवाला, वेढले ते सिंदखेडलाच. ज्या वतनासाठी लखुजीराव दरबार बदलत राहिले, ते सव्वाशे वर्षांनंतरही तितकेच वादात होते.

दर वर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजाला अफाट गर्दी लोटते. लोक राजवाड्यात जातात, जिजाऊंपुढे नतमस्तक होतात. त्यांतले थोडे गावाच्या पश्चिमेला लखुजीराजांच्या समाधीकडे वळतात. दगडी चौथऱ्यावर चौरस, भरभक्कम बांधणी आणि वर मोठा घुमट. आवारात घराण्यातल्या इतरांच्याही समाध्या आहेत. बांधणीत दख्खनची मुसलमानी धाटणी आणि आपले जुने देवळाचे काम शेजारी शेजारी नांदते, जसे ते त्या माणसाच्या आयुष्यात नांदले.

२०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाने या समाधीच्या दुरुस्तीचे काम काढले. आसपासची माती हटवताना आधी काही दगड वेगळे दिसले, म्हणून खणत गेले तर एका जुन्या शिवमंदिराचे अवशेष लागले. मग जूनमध्ये आणखी खोल, दोन मीटरांहून अधिक खाली, शेषशायी विष्णूची अखंड मूर्ती निघाली. लांबी सुमारे पावणेदोन मीटर, उंची एक मीटर. शेषावर पहुडलेला विष्णू, पायाशी लक्ष्मी, आणि समुद्रमंथनाचा देखावा. मूर्ती लखुजीरावांच्याही कित्येक शतके आधीची आहे. ती निघाली तेव्हा पाहायला गावातली माणसे समाधीच्या आवारात जमली होती.